चिमणीच्या दुरुस्तीत ग्राहकाची कोंडी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

फोडणी टाकली की स्वयंपाकघर धुराने भरू लागले, म्हणून गेल्या महिन्यात आमच्या सहा वर्षे जुन्या चिमणीसाठी कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रातून मेकॅनिक बोलावला. बटण दाबून दोन मिनिटे आवाज ऐकल्यावर त्याने मोटर कमकुवत झाल्याचे सांगितले, ती बदलण्यासाठी साडेसहा हजार रुपये लागतील असा अंदाज दिला आणि त्यापेक्षा जुनी चिमणी देऊन नवी घ्या, असे सुचवले. मोटर कमकुवत झाली हे कशावरून ठरवले, या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हते. पाहणीचे शुल्क मात्र आम्हाला भरावे लागले.

त्यानंतर पंखे आणि मिक्सर दुरुस्त करणाऱ्या आमच्या भागातील कारागिराने चिमणी सुरू करून वर्तमानपत्राचा अर्धा कागद तिच्या जाळीखाली धरला. तो न टिकता खाली पडला. मग त्याने वरचा पाइप सोडवून पुन्हा कागद धरला, तेव्हा तो जाळीला घट्ट चिकटून राहिला. म्हणजे मोटर हवा व्यवस्थित ओढत होती, अडथळा पुढे पाइपात होता. पोटमाळ्याआड दडलेला ॲल्युमिनियमचा लवचिक पाइप गरजेच्या दुप्पट लांब असून तीन ठिकाणी दुमडलेला होता आणि भिंतीबाहेरची झडप तेलाच्या थराने चिकटून जेमतेम बोटभर उघडत होती. पाइप कापून सरळ केला, झडप घासून मोकळी केली आणि चारशे रुपयांत काम झाले. ही पाच मिनिटांची तपासणी अधिकृत मेकॅनिकने का केली नाही, याचे मला अजूनही वाईट वाटते.

चिमणीचे अनेक बिघाड असेच साधे असतात. मोटर नुसती गुणगुणते पण फिरत नाही, तेव्हा पुष्कळदा मोटरला फिरायला चालना देणारा शे-दीडशे रुपयांचा कपॅसिटर हा छोटा भाग गेलेला असतो. मात्र वीज बंद केल्यावरही त्यात विजेचा भार शिल्लक राहू शकत असल्याने ते काम जाणकारानेच करावे. आवाज वाढला असेल, तर पंख्याच्या पात्यांवर तेल साचून त्याचा तोल गेलेला असू शकतो. ‘ऑटो क्लीन’ या शब्दाने तर मोठाच गैरसमज पसरवला आहे. त्या बटणाने आतल्या पंख्याभोवतीचे तेल उष्णतेने वितळून खालच्या वाटीत उतरते, एवढेच. पाइप आणि बाहेरची झडप त्याने साफ होत नाही. पाइपात साचलेले तेल पेट घेऊ शकते, त्यामुळे हा प्रश्न केवळ धुराचा नाही. ॲल्युमिनियमची जाळी कॉस्टिक सोड्यात भिजवू नये, कारण ती त्याने झिजते, हेही बहुतेक घरांत कोणी सांगितलेले नसते.

खरेदीच्या वेळी दर तासाला १२०० घनमीटर हवा ओढण्याचा आकडा दाखवला जातो. पण सहा इंची पाइप भिंतीतल्या चार इंची भोकात कोंबला किंवा त्याला दोन-तीन वळणे दिली, तर त्या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही. बसवणी करणाऱ्यानेच पाइपाची लांबी, रुंदी आणि वळणे पावतीवर लिहून द्यावीत, म्हणजे पुढे दोष कोठे आहे हे शोधता येईल.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी, म्हणजे घेतलेली वस्तू टाकून न देता ग्राहकाला सहज दुरुस्त करून घेता यावी यासाठी, समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठीचे संकेतस्थळ सुरू झाले. घरगुती टिकाऊ वस्तू हे त्यातील एक क्षेत्र आहे. हे पाऊल स्वागतार्ह आहे, परंतु माझ्यासारख्या ग्राहकाला त्याचा उपयोग व्हायचा, तर कपॅसिटर, टच पॅनेल, पंखा आणि मोटर यांचे दर प्रत्येक कंपनीने जाहीर केले पाहिजेत आणि हे सुटे भाग बाहेरच्या कारागिरालाही विकत मिळाले पाहिजेत. माहितीपुस्तिकेत बिघाड ओळखण्याच्या पायऱ्या मराठीत छापाव्यात. महत्त्वाचे म्हणजे, ‘मोटर गेली’ असे सांगणाऱ्या मेकॅनिकने कोणती तपासणी करून हा निष्कर्ष काढला, हे लेखी देणे बंधनकारक करावे. पाहणीचे शुल्क याच लेखी निदानाचे असावे. लेखी निदान न दिल्यास शुल्क परत मागण्याची आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवण्याची सूचना पावतीवरच छापलेली असावी.

आपली विश्वासू,
एक गृहिणी, ठाणे