वीज गेली की फोनही गेला

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला लेख वाचून कालचा दिवस गप्प राहिले, आज राहवत नाही. 'जुन्या सेवांसाठी गळे काढणारे' म्हणून ज्यांची टिंगल केली आहे, त्यांत मी मोडते. व्हिडिओ कॉलचे गोडवे गायलेत, खुशाल गा. नातीचा चेहरा मलाही दिसतो, आवडतो. पण लँडलाइनला 'अडगळ' म्हणण्याआधी ती कशावर चालत होती, एवढे तरी लेखकमहाशयांनी कुणाला विचारायचे!

जुन्या फोनला घरची वीज लागतच नसे. एक्स्चेंजमध्ये बॅटऱ्या आणि जनरेटर असत. तिथून सुमारे ४८ व्होल्टचा पुरवठा तांब्याच्या तारेनेच घरात यायचा. अंधारात चाचपडत रिसीव्हर उचलला तरी डायल टोन हजर. आता त्या तारेच्या जागी फायबर आले. फायबर म्हणजे काच. तिच्यातून प्रकाश येतो, वीज नाही. म्हणून वीज जाऊन घरातला डबा, म्हणजे राऊटर, बंद पडला की फोन मुका. कनेक्शन बदलायला आलेल्या मुलाने हे सांगितले नाही. "काकू, नंबर तोच राहील," एवढेच म्हणाला. नंबर तोच राहिला, खोटे कशाला बोलू.

गेल्या महिन्यात वीज गेलेली असताना रात्री यांच्या छातीत दुखू लागले. लँडलाइन मुकी, मोबाइलची बॅटरी सहा टक्के आणि रेंजची एक काडी. शेजाऱ्यांचे दार बडवून त्यांच्या फोनवरून डॉक्टर गाठले. अपचन निघाले, नशीब आमचे. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या ॲपवर तक्रार केली, तर समोर यंत्र. "राऊटर बंद करून पुन्हा चालू करा." अहो, तो बंद होता हीच तर तक्रार! तीनदा लिहिले, तीनदा तेच. वर विचारणा, आमच्या सेवेला किती तारे द्याल? तारा काढून नेल्या आणि आता तारे मागतात.

पूर्वी सगळे आलबेल होते असे नाही. कुणी रस्ता खणला की आठवडाभर फोन मेलेला असायचा आणि तक्रार घेणारा वसकन अंगावर यायचा. पण तो माणूस होता, मलाही त्याला चार शब्द सुनावता यायचे.

ब्रिटनमध्ये जुन्या लाइन्स बंद करण्याची डिसेंबर २०२५ची मुदत जानेवारी २०२७ पर्यंत ढकलावी लागली, कारण एकट्यादुकट्या आजारी माणसांची मदतीची बटणे त्याच तारांवर चालतात. वीज गेल्यावर अशांचा फोन किमान एक तास चालावा, असे तिथल्या नियामकाने बजावले आहे. एक तास! आणि २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन-पोर्तुगाल अंधारात गेले, तेव्हा मोबाइल गप्प झाल्यावर लोक बॅटरीवरचे रेडिओ शोधत फिरत होते. त्या अडगळीवर लेखकमहाशयांनी एखादा परिच्छेद जरूर लिहावा.

जाता जाता, शब्दकोडे छापील अंकातून काढून ॲपवर नेल्याबद्दल आपलेही अभिनंदन. तिथे अक्षर चुकले की चौकोन लगेच लाल होतो. पेन्सिलीने चुकीचा शब्द लिहून संध्याकाळपर्यंत त्यावर अडून बसायची सोय होती, तीही गेली.

आपली जुनी वाचक