डोळ्यातले थेंब

प्रिय शुभा,

काल फोनवर धड बोलणंच झालं नाही, तुझ्याकडे पाहुणे होते, म्हणून लिहायला बसले. सुटलेला डोळ्याचा पडदा (आतलं अस्तर, ज्यावर चित्र पडतं) जागेवर धरून ठेवायला डोळ्यात भरलेलं सिलिकॉन तेल काढून दीड महिना झाला तरी मला अजून काय दिसतंय असं तू विचारलंस ना, तर ऐक.

गेल्या आठवड्यात खाली मान घालून तांदूळ निवडत होते आणि ताटाच्या मधोमध गोल गोल थेंब येऊन जमले, कड काळी नि आत लख्ख, रश्श्यावर तेलाचे डोळे तरंगतात ना तस्सेच! मान वर केली की घरंगळत खाली जायचे, आडवी झाले की गायब. मला वाटलं पडदा परत सुटला, रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

सकाळी डॉक्टरांकडे गेले तर त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला, वाकल्यावर समोर येतात की उताणं झोपल्यावर? म्हटलं वाकल्यावर. म्हणाले मग ते राहिलेलं सिलिकॉन तेल आहे. अगं, तेल पाण्यापेक्षा हलकं, वर तरंगतं, पण पडद्यावर चित्र उलटं पडतं म्हणून आपल्याला ते खाली दिसतं, आणि वाकलं की डोळ्याची मागची बाजू वर होते मग थेंब थेट नजरेच्या मध्यावर. पडद्याच्या ऑपरेशनच्या वेळी, तेल भरायच्या आधी, एक जड लिक्विड पण घालतात, परफ्लुरोऑक्टेन, पाण्याच्या जवळजवळ पावणेदोन पट जड, ते सुटलेल्या पडद्यावर बसून त्याला इस्त्री केल्यासारखं सपाट करतं नि मागचं पाणी फटीतून बाहेर ढकलतं. न्यूयॉर्कच्या डॉ. स्टॅन्ली चँग यांनी १९८७ मध्ये असली लिक्विडं वापरून दाखवली, त्याआधी हे काम किती अवघड असेल! ते नंतर काढून घेतात, पण एखादा थेंब राहिला तर तो तळाला बसतो आणि उताणं झोपल्यावर समोर येतो. पडद्याच्या खाली, ऐन मध्यभागी अडकला तर मात्र वाईट, तिथल्या पेशी खराब होऊ शकतात, तो बहुतेक वेळा काढावा लागतो.

माझे थेंब थोडेच आहेत, तेल कितीही वेळा धुतलं तरी कडेकोपऱ्यात चिकटून राहतं म्हणे. फक्त डोळ्यातलं प्रेशर बघत राहायचं, कारण बारीक थेंब पुढे येऊन पाणी वाहून जायची जागा बुजवू शकतात. हे डिस्चार्जच्या वेळी दोन वाक्यांत कुणी सांगितलं असतं तर ती रात्र तशी गेली नसती गं, याचा मला खरंच राग आला.

तुझ्या सासऱ्यांचं तेल पुढच्या महिन्यात काढायचंय ना? कार्डावर कुठलं लिक्विड वापरलं, तेल १००० चं की ५००० चं (म्हणजे किती घट्ट), सगळं लिहून घे, आणि नंतर थेंब दिसले तर वाकल्यावर की झोपल्यावर ते त्यांना नीट बघायला सांग.

सोमवारी मला प्रेशरसाठी बोलावलंय, आले की फोन करते. तीननंतर मोकळी असशील ना?

तुझी,
मंदा