पांदणीच्या फाट्यांवर नुसते नंबर टाका

मा. संपादक साहेब, नमस्कार.

पांदण रस्त्यांवरची, म्हणजे वावरात जायच्या सरकारी गाडीवाटांवरची, अतिक्रमणं काढण्याबद्दल परवा तुमच्या पेपरात आलं होतं, ते वाचून लिहायला बसलो. बातमीत शेतकरी होता, ट्रॅक्टर होता, बंडी होती, आणि ते बरोबरच आहे, पांदण पहिले त्यांचीच. पण त्याच पांदणीवरून मी सहा वर्षांपासून सायकल चालवतो आणि सायकलवाल्याचं नाव कुठंच निघत नाही म्हणून हा कागद.

मी दर्यापूर तालुक्यातला, जिनिंगमध्ये हिशेब लिहून रिटायर झालेला माणूस. पोरानं गिअरची सायकल घेऊन दिली तेव्हा पहिले हायवेवरच गेलो, कारण फोटोतले सायकलवाले हायवेवरच दिसतात. आमच्या अमरावती-अकोला हायवेवर लोणी ते माना सलग 75 किलोमीटर एका लेनचं डांबर 2022 च्या जूनमध्ये 105 तास 33 मिनिटांत टाकून झालं, गिनीजमध्ये नोंद झाली, आम्हालाही बरं वाटलं. पण त्याच्यावर सायकल घातली की मागून ट्रक गेला का हँडल आपोआप ओढल्या जाते, आणि कडेनं चालावं तर समोरून राँग साईडनं फटफटी येते, तिच्यावर तिघं बसलेले, मधल्याच्या मांडीवर खताचं पोतं. समृद्धीवर तर दुचाकीलाच मनाई, आणि ते योग्यच आहे, गाड्या 120 नं पळतात तिथं सायकलचं काय काम.

मग एका ओळखीच्या तलाठ्यानं गावनकाशा दाखवला आणि माझे डोळे उघडले. त्यात तुटक दुहेरी रेघ म्हणजे गाडीमार्ग, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट, आणि तुटक एकेरी रेघ म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फूट. अशा रेघा एका गावातून निघून दुसऱ्या गावात शिरतात आणि आपल्या पूर्णेच्या काठचा सगळा मुलूख अशा रेघांनी भरलेला आहे. म्हणजे मोटारगाड्या नसलेला सायकलचा रस्ता आपल्याकडं आधीच काढून ठेवलेला आहे हो, कागदावर.

कागदावर म्हणतो कारण वावरात गेलं की वेगळंच दिसते. एका ठिकाणी नकाशात एकवीस फूट आणि प्रत्यक्षात दोन्हीकडच्या धुऱ्यांनी सरकत सरकत चार फूट ठेवलेला. दुसऱ्या एका ठिकाणी तर पांदणच वखरून पऱ्हाटी लावलेली, मी सायकल हातात धरून उभा आणि मालक मलाच विचारतो, इकडून कुठी चालले. अडवलेला रस्ता मोकळा करायला 1906 चा मामलेदार कोर्ट कायदा आहे, 2021 मध्ये मातोश्री पाणंद योजना पण आली, त्यामुळं त्याच्यावर मी जास्त लिहीत नाही, तुमच्या बातमीत ते सगळं आलंच आहे.

आता चालवायची गोष्ट. लोकांना वाटते सपाट मुलूख म्हणजे सायकलला मजा. अर्धं खरं आहे. चढ नाही पण उतार पण नाही ना, दिवसभर पायडल मारतच राहावं लागते, पाय सोडून बसायला एक जागा मिळत नाही, आणि आडवायला ना टेकडी ना झाड म्हणून वारा सरळ छातीवर येते. डांबरीवर मी ताशी चौदा-पंधरा जातो, पांदणीवर आठ-नऊ झाले तरी खूप. बारीक टायरची सायकल आणूच नका, दोन इंची पाहिजे, हवा थोडी कमी. काट्याचं कुंपण केलं की बाभळीचे काटे पांदणीत सांडतातच, त्यामुळं ट्यूब दोन, ठिगळं, सोल्युशन आणि पंप जवळ असलाच पाहिजे, पंक्चरवाला कोणत्या धुऱ्यावर बसलेला नसतो. रानडुकरांसाठी वावराला झटका मशीनची तार असते, फोटो काढायच्या नादात तिला हात लावू नका. पहाटे रोही, म्हणजे नीलगाई, आडवे येतात, ते येऊ द्या, तेच तिथले जुने.

आणि पाणी. आपला खारपाणपट्टा, विहिरीला पाणी दिसते पण तोंडात घेतलं की कळते. एका नागपूरच्या पाहुण्याला मी बजावून सांगितलं होतं, तरी त्यानं बाटली भरून घेतली, पुढचे दहा किलोमीटर तो माझ्याशी बोलला नाही. तीन लिटर घरूनच न्या.

मोसम दिवाळीनंतर ते होळीपर्यंत, बस. उन्हाळ्यात पारा 45 च्या वर आणि जमिनीला भेगा अशा का चाक आत जाईल. पावसाळ्यात तर नावच नको. एकदा ऑक्टोबरमध्ये, जमीन वाळली असेल म्हणून निघालो, आदल्या रात्री तिकडं सर आली होती ते मला माहीत नाही, पन्नास पावलांत काळी माती चाकात आणि फोर्कमध्ये अशी ठासली का चाक फिरेच ना, काडीनं कोरून काढावं, दहा पावलं जावं, पुन्हा तेच, शेवटी सायकल खांद्यावर घेतली. समोरून बंडीवाला आला, बैल थांबवले, आणि म्हणतो, "काहून बापा, आज सायकलच बसली का तुमच्यावर?"

खरी अडचण मात्र रस्ता चुकायची आहे. दिवाळीनंतर तूर डोक्याएवढी असते, चहूकडं एकच हिरवं, प्रत्येक फाटा सारखाच दिसते, मोबाईलला रेंज नाही आणि मॅपमध्ये पांदण नाही. विचारावं तर माणूस दोन वावरं पलीकडं. तिकडं बेल्जियममध्ये ह्युगो बोलेन म्हणून खाणीतला एक इंजिनियर होता, त्यानं सायकलसाठी रस्त्यांच्या प्रत्येक फाट्याला एक नंबर दिला, पाटीवर तुम्ही उभे आहात तो नंबर आणि बाणासोबत पुढचे नंबर. 1995 मध्ये तिथल्या लिम्बर्ग प्रांतात हे सुरू झालं आणि मग शेजारच्या हॉलंडमध्ये सगळीकडं पसरलं. नकाशा नको, मोबाईल नको, घरून निघताना चिठ्ठीवर लिहून घ्यायचं 14, 22, 23, 31 आणि चालू पडायचं. तो मुलूख पण आपल्या पूर्णेकाठच्या पायनघाटासारखाच सपाट, त्यांनी काही फार मोठं केलं नाही, फाटे मोजले.

माझं म्हणणं एवढंच आहे की पांदण मोकळी करायला मोजणीवाले येतातच, तेव्हाच ग्रामपंचायतीनं प्रत्येक फाट्याच्या सिमेंट पाइपवर नाहीतर दगडावर रंगानं नंबर टाकून घ्यावा. पाइप तिथं आहेच, रंगाचा एक डबा लागेल. टुरिझमचं बोर्ड नको, सेल्फी पॉइंट तर अजिबात नको.

कोणी म्हणेल हे रिकाम्या म्हाताऱ्याचे चोचले. सरकारच्या मानव विकास योजनेतून आठवी ते बारावीच्या पोरींना सायकली मिळतात, पाच किलोमीटरच्या आतल्या गावांतून त्या शाळेत येतात. त्यांना जवळचा रस्ता पांदणीचाच असते पण त्या जातात डांबरीनं, टिप्परच्या बाजूनं, कारण पांदण मध्येच तुटलेली असते. आणि शेतात कोणी पडलं, साप चावला तर फोनवर "तुरीच्या वावरापाशी या" सांगण्यापेक्षा "सतरा नंबरच्या फाट्यावर या" सांगितलं तर गाडी लवकर येईल का नाही?

दुसरी गोष्ट टिप्परची. आमच्याकडं एका पांदणीचं खडीकरण झालं आणि तिसऱ्या महिन्यात रेतीचे टिप्पर तिथून शॉर्टकट मारायला लागले, खडी गेली, खड्डे राहिले. तोंडाला लोखंडी कमान लावा म्हणजे ट्रॅक्टर जाईल, टिप्पर नाही. फक्त भरलेली कापसाची ट्रॉली किती उंच होते हे ज्याला माहीत आहे त्यानंच कमानीचं माप द्यावं, नाहीतर पहिल्या वेचणीलाच लोक ती कापून भंगारात घालतील आणि मी त्यांच्याच बाजूनं बोलेन.

बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेच्या रुळाच्या जागी सायकल ट्रॅक करा असं एक-दोघं मला म्हणाले. नाही. मूर्तिजापूर, लाखपुरी, बनोसा, अंजनगाव, अचलपूर ही आमची गाडी आहे, ती परत पाहिजे आहे, तिच्या मढ्यावर सायकल नको.

सुरुवात कुठून म्हणाल तर गाडगेबाबांच्या गावांपासून. जन्म शेंडगावचा, आजोळ दापुरा, पुढं पूर्णेकाठचं ऋणमोचन. बाबा या मुलखात पायीच फिरले. मधात लासूरचं आनंदेश्वराचं हेमाडपंती मंदिर येते, दगडी ओट्यावर बसून भाकर खाता येते. दोन दिवसांची आरामाची फेरी होते, रात्री गावातल्या मंदिरात नाहीतर कोणाच्या ओसरीवर, विचारलं की कोणी नाही म्हणत नाही. फक्त हुरडा खायचा तर मालकाला विचारून खा, आणि बिस्किटाचे पुडे खिशात परत आणा, कारण दोन पोरांनी घाण केली की पुढच्या दहा जणांसाठी पांदण बंद होते, आणि बंद करणाऱ्याचं काही चूक नसते.

मी सरपंचांना भेटून आलो, ते म्हणाले अर्ज द्या, अर्ज दिला आहे. दिवाळीनंतर माती वाळली की मी निघतो. तोपर्यंत रंग लागला नसेल तर खिशात खडू घेऊन जाईन आणि पाइपांवर नंबर लिहीत जाईन, पाऊस आला तर पुसल्या जातील, पुन्हा लिहीन. 1 नंबर आमच्या गावच्या म्हसोबापासल्या फाट्याला द्यायचा ठरवला आहे, त्याच्यावर शेजारच्या गावाची हरकत आलेली आहे, त्यांना 1 नंबर त्यांच्याकडं पाहिजे.

आपला,
एक वाचक, दर्यापूर तालुका