मुख्याध्यापक वर्गात बसतात तेव्हा

महोदय,

मुख्याध्यापक स्वतः फारसे तास घेत नाहीत, मग मुलांवर त्यांचा प्रभाव पडतो तो कसा? माझ्या नोकरीत दोन अगदी वेगळे नमुने पाहिले. एका सरांचा जीव निकालाच्या टक्केवारीत अडकलेला. कच्च्या मुलांवर वेळ घालवू नका, असं ते बैठकीत बिनदिक्कत सांगत. ती मुलं हळूहळू मागच्या बाकांवर सरकली आणि आम्हीही तिकडे बघेनासे झालो. (हे कबूल करायला आज लाज वाटते.)

नंतर आलेल्या बाई रोज एका वर्गात त्याच मागच्या बाकावर जाऊन बसत. तपासणीचा आव नसे. तास संपला की विचारत, "त्या मुलाला अपूर्णांकांची बेरीज नेमकी कुठे अडते?" उत्तर देता आलं नाही, तर दुसऱ्या दिवशी दोघं मिळून त्याची वही उघडत. वर्षभरात शिक्षकखोलीतल्या गप्पाच बदलल्या.

शिक्षण-संशोधक व्हिव्हियन रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांच्या २००८च्या अभ्यासातही हेच दिसतं: शिक्षकांच्या शिकण्याला चालना देणाऱ्या आणि त्यात स्वतः उतरणाऱ्या नेतृत्वाचा मुलांच्या प्रगतीशी सर्वांत जवळचा संबंध आढळला. मुख्यतः प्रेरणा देण्यावर भर असणाऱ्या नेतृत्वाचा प्रभाव त्यामानाने बराच कमी.

पुढे मीही या पदासाठी मुलाखत दिली. अनुभवाची वर्षं विचारली, नियम विचारले. हे पद कशासाठी हवंय, हे मात्र कुणीच विचारलं नाही.

– एक निवृत्त शिक्षिका