पूल आणि स्नूकरला खेळ म्हणून जागा द्या: क्रीडा मंत्र्यांना नागपुरातून खुले पत्र

प्रति,
माननीय क्रीडा व युवक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय : पूल, स्नूकर व बिलियर्ड्स यांना करमणुकीऐवजी खेळ म्हणून वागणूक मिळणे आणि मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात त्यासाठी सार्वजनिक दालन उभारणे

महोदय,

पूल, स्नूकर आणि बिलियर्ड्स हे टेबलावर क्यूने, म्हणजे लांब काठीने, बॉल मारायचे खेळ. नागपुरातल्या एखाद्या मुलीला किंवा मुलाला यातला पूल शिकायचा असेल, तर जवळपास दोनच वाटा उरतात. एक, मोठ्या क्लबचे सभासदत्व. ते सामान्य घराच्या आवाक्याबाहेरचे. दुसरी, बाजारातले पार्लर. त्याचे नाव काढले की घरचे कपाळाला आठ्या घालतात. या दोन्हींच्या मधली जागा सरकारची आहे आणि ती आज रिकामी आहे. ही जागा भरता यावी म्हणून हे पत्र.

आधी कायद्याचे बोलू. 1951 च्या महाराष्ट्र पोलीस कायद्यात, म्हणजे पूर्वीच्या मुंबई पोलीस कायद्यात, ‘सार्वजनिक करमणुकीची जागा’ कशाला म्हणायचे याची व्याख्या दिली आहे. तीत रेसकोर्स, सर्कस आणि नाट्यगृहाच्या जोडीला बिलियर्ड्सची खोली आहे. मात्र त्याच वाक्यात व्यायामशाळा, तलवारबाजीची शाळा आणि जलतरण तलावही आहेत. तलवारबाजी आणि जलतरण ऑलिंपिकमध्ये आहेत, आणि त्यांना खेळ म्हणायला कुणी काचकूच करत नाही. या व्याख्येचा उद्देश गर्दीच्या जागेवर देखरेख ठेवणे एवढाच होता; कोणता खेळ खरा आणि कोणता खोटा, हे ती ठरवत नाही. तरीही बिलियर्ड्सच्या खोलीवर करमणुकीचा शिक्का बसला तो बसलाच. जुगाराविषयीच्या 1887 च्या कायद्यातही कलम 13 निव्वळ कौशल्याचे खेळ वेगळे काढते. तेव्हा कायदा आडवा येत नाही. अडचण आहे ती विभागाच्या पातळीवर, आणि ती आपण दूर करू शकता.

‘यात घाम कुठे येतो?’ हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. आपल्याच शहरातल्या दिव्या देशमुखने 2025 च्या जुलैमध्ये जॉर्जियातल्या बातुमी इथे बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा हा प्रश्न कुणी विचारला नाही, आणि ते योग्यच झाले. पण पूलच्या बाबतीत शरीराचा मुद्दा सोडून द्यायचेही कारण नाही. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे वाडाच्या, यादीत ‘बीटा-ब्लॉकर’ गटातल्या औषधांवर काही मोजक्या खेळांतच स्पर्धेच्या वेळी बंदी आहे. धनुर्विद्या, नेमबाजी, गोल्फ आणि बिलियर्ड्सचे सर्व प्रकार त्या मोजक्यांत येतात. ही औषधे हृदयाची गती कमी करतात आणि हाताचा कंप थांबवतात. हाताच्या स्थिरतेवर निकाल लागत नसता, तर ही बंदी घालावीच लागली नसती.

ही स्थिरता किती लागते ते एका फटक्यावरून दाखवतो. स्पर्धेच्या पूल टेबलाच्या कोपऱ्यातल्या पॉकेटचे, म्हणजे बॉल पाडायच्या भोकाचे, तोंड साडेचार इंच, म्हणजे सुमारे 114 मिलिमीटर असते आणि बॉलचा व्यास 57 मिलिमीटर. म्हणजे बॉलला दोन्ही बाजूंनी साधारण 28-28 मिलिमीटरची मोकळीक. समजा बॉल पॉकेटपासून 1.2 मीटरवर आहे, व्हाइट, म्हणजे क्यूने मारायचा पांढरा बॉल, त्याच्या मागे तेवढ्याच अंतरावर आहे आणि फटका अगदी सरळ आहे. रंगीत बॉलला जेमतेम सव्वा-दीड अंश चुकण्याची मुभा मिळते. पण व्हाइटच्या दिशेत झालेली चूक धडकेनंतर तेवढीच राहत नाही. या अंतरावर ती सुमारे वीस पट होते. म्हणून व्हाइटला अंशाच्या चौदाव्या-पंधराव्या भागापेक्षा जास्त चुकून चालत नाही. टेबलावर टेकवलेल्या हातापासून क्यूच्या टिपेपर्यंत 25 सेंटिमीटर धरले, तर टिप 0.3 मिलिमीटर बाजूला सरकली की बॉल गेलाच म्हणून समजा. वहीचे तीन कागद एकावर एक ठेवले की होते तेवढी ही जाडी. हा झाला सगळ्यात सोपा, सरळ फटका. त्यात स्पिन द्यायचा म्हटला की व्हाइट मध्याऐवजी बाजूला मारावा लागतो, आणि मग तो निघतानाच थोडा तिरका निघतो. केंद्रापासून त्रिज्येच्या निम्म्यापलीकडे टिप गेली की ती घसरते आणि फटका फसतो. टिपेला चॉक लावतात तो घर्षणासाठी. त्यात सिलिका आणि कुरुंदासारखी कठीण भुकटी असते.

बॉल पॉकेट करणे हे अर्धेच काम. व्हाइट पुढच्या बॉलसाठी नेमका कुठे थांबवायचा, हे उरलेले अर्धे. व्हाइट न फिरता नुसता घसरत जाऊन धडकला, तर तो रंगीत बॉलच्या वाटेला काटकोनात निघतो. लोळत गेला, तर त्याहून पुढे झुकतो. या दोन टोकांच्या मधला हवा तो कोन काढायला खेळाडू वर्षानुवर्षे घालवतो. नशिबाचा भाग ब्रेकमध्ये, म्हणजे रचलेले बॉल फोडणाऱ्या पहिल्या फटक्यात, थोडा असतो, हे मान्य. म्हणून तर स्पर्धेतला सामना एका रॅकवर, म्हणजे एका डावावर, संपत नाही, आणि पूलच्या एट-बॉल प्रकारात कोणता बॉल कोणत्या पॉकेटमध्ये जाणार हे आधी सांगायचा नियम असतो. सुरुवातीची बॉलची रचना घट्ट लागली आहे ना, हेही पंच बघतो. बॉलमध्ये केसाएवढी फट राहिली की ब्रेकचा जोर तिथेच जिरतो.

आता ज्या गोष्टीसाठी मुळात आपल्याला लिहावेसे वाटले त्याकडे येतो. नागपुरातली बरीच टेबले ज्या अवस्थेत असतात, त्यांवर शिकलेला खेळाडू बाहेर जाऊन मार खातो, आणि मग ‘विदर्भात या खेळाची गुणवत्ताच नाही’ असे बोलले जाते.

स्वस्त टेबलाला स्लेटच्या दगडाऐवजी प्लायची फळी असते. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि बॉल आपोआप एका बाजूला ढळू लागतो. पूल टेबलाला किमान एक इंच जाडीची, साधारणपणे तीन तुकड्यांची स्लेट हवी. ते तुकडे जोडून सांधे मेणाने भरायचे, ताशीव करून घ्यायचे आणि मगच वर कापड ताणायचे. लेव्हल काढायला गवंड्याची पाणसळ पुरत नाही, यंत्रशाळेतली सूक्ष्म लेव्हल लागते. तपासायची साधी रीत अशी: बॉल अगदी हळू, कुशनला, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेला, समांतर सोडावा. शेवटच्या हातभर अंतरात तो वळला, तर टेबल बिघडले आहे. दुसरा दोष बॉलमध्ये असतो. जुन्या सेटमधला व्हाइट हरवतो आणि त्या जागी दुसऱ्या वजनाचा आणून ठेवतात. व्हाइट जड असला की वर सांगितलेला काटकोन जुळत नाही. तो पुढे सरकतो, आणि मुलाच्या डोक्यात चुकीचे गणित पक्के बसते.

तिसरा दोष खास आपल्या हवेचा. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा नागपुरात घरोघरी असतो तसा पार्लरमध्येही कूलर लावतात. कूलर म्हणजे ओलसर वारा. टेबलाचे कापड लोकरीचे असते, ते ही ओल पिते. मग बॉल मंदावतो, कुशनवरून परतणारा कोन बदलतो, आणि ओलीत चॉकची धूळ चिकटून धडकेच्या क्षणी बॉल अडखळतो, ज्याला खेळाडू ‘किक’ म्हणतात. लाकडी क्यूही कोरड्यातून ओल्यात आणि ओल्यातून कोरड्यात जाता जाता वाकतो. मोठ्या स्नूकर स्पर्धांत कापड कोरडे राहावे म्हणून स्लेटखाली हीटर असतात. आपल्याकडे निदान एसी तरी हवा, आणि तोही खेळाच्या वेळेपुरता न लावता आर्द्रता दिवसभर 50 टक्क्यांच्या आसपास ठेवणारा.

म्हणून आमची पहिली मागणी मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात एका दालनाची आहे. नऊ फुटी पूलची दोन आणि बारा फुटी स्नूकरचे एक टेबल, इतकेच. जागेचा हिशेब असा. नऊ फुटी टेबलाचे खेळायचे क्षेत्र 100 बाय 50 इंच, क्यू 58 इंच. चारही बाजूंना एकेक क्यू धरला तर 18 फूट बाय जवळपास 14 फूट होतात; हात मागे घ्यायला अर्धा-अर्धा फूट सोडला की 19 बाय 15. दोन टेबले शेजारी लावली तर मधली जागा सामाईक होते आणि 19 बाय 24 फुटांत दोन्ही बसतात. स्नूकरचे क्षेत्र 11 फूट साडेआठ इंच बाय 5 फूट 10 इंच, त्याला साडेबावीस बाय साडेसोळा फूट. या मापांत खांब येता कामा नये. खांब आला की आखूड क्यू वापरावा लागतो आणि मुलांचा फटका कायमचा बिघडतो. स्नूकर टेबलाचे वजन टनाच्या वर जाते, त्यामुळे दालन तळमजल्यावरच असावे. दिवे टेबलावर एकसारखे पडावेत, पूलसाठी किमान 520 लक्स इतका उजेड. एकच ट्यूबलाइट मध्यभागी टांगली, तर कुशनशेजारच्या बॉलची सावली पडून कड दिसत नाही. निविदेत ‘बिलियर्ड टेबल, नग 3’ एवढेच लिहिले, तर प्लायची टेबले येतील. स्लेटची जाडी, बॉलचे साहित्य (फेनॉलिक रेझिन) आणि कापडाचा प्रकार शब्दशः लिहायला हवा. तो मसुदा तयार करून द्यायला आम्ही बसू, विनामूल्य.

दुसरी मागणी परवान्याची. पार्लरांबद्दल पालकांना आणि पोलिसांना वाटणारी शंका अगदीच निराधार नाही. ‘हरेल तो टेबलाचे पैसे देईल’ ही रीत सर्रास चालते. आजच्या टेबलभाड्यावरून ती उद्या पैजेवर जाते. ती मोडता येते. भाडे तासावर लावावे आणि ते सर्व खेळणाऱ्यांत सारखे वाटूनच पावती फाडावी, अशी अट परवान्यात घाला. तंबाखू आणि धूम्रपान बंद, शाळेच्या वेळेत गणवेशातल्या मुलांना प्रवेश नाही, टेबलाची वर्षातून एकदा तपासणी. या अटी पाळणाऱ्या पार्लरला ‘क्रीडा प्रशिक्षण केंद्र’ म्हणून वेगळी नोंदणी द्या. प्रामाणिकपणे धंदा करणाऱ्याला त्यामुळे आधार मिळेल आणि बाकीचे आपोआप उघडे पडतील.

तिसरी गोष्ट थोडक्यात. क्रीडा गुण, शासकीय नोकरीतले 5 टक्के खेळाडू आरक्षण, पुरस्कार आणि शिष्यवृत्ती या आपल्या विभागाच्या प्रत्येक यादीत पूल, स्नूकर आणि बिलियर्ड्स ही तिन्ही नावे सारखीच आणि स्पष्ट असावीत. 2010 च्या ग्वांगझूनंतर हे खेळ आशियाई स्पर्धांत राहिले नाहीत, याचा फटका आम्हाला बसतो हे आम्ही जाणतो. पण आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची मान्यता 1998 पासून आहे, आणि वर्ल्ड गेम्समध्ये, म्हणजे ऑलिंपिकमध्ये नसलेल्या खेळांच्या जागतिक स्पर्धेत, ते आहेत. 2013 साली कोलंबियातल्या कालीमध्ये मुंबईच्या आदित्य मेहताने तिथे स्नूकरचे सुवर्ण मिळवले.

आणि महाराष्ट्राने तरी या खेळाला परका का मानावा? भारताचा वैयक्तिक खेळातला पहिला जगज्जेता मानला जाणारा विल्सन जोन्स हा पुण्यात जन्मलेला; त्याने 1958 साली कोलकात्यात बिलियर्ड्सचे जागतिक विजेतेपद मिळवले. पंचवीसहून अधिक जागतिक विजेतेपदे मिळवलेल्या पंकज अडवाणीचा जन्मही पुण्याचाच. आणि स्नूकर हा खेळच मुळात 1875 मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये जमला, तेव्हा जबलपूर मध्य प्रांतात होते आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती.

हिवाळी अधिवेशनासाठी आपण नागपुरात याल तेव्हा विभागीय उपसंचालकांना आणि संकुलाच्या अभियंत्यांना सोबत घेऊन मानकापूरला एक तास द्यावा, ही विनंती. दालनाचा नकाशा, निविदेचा मसुदा आणि परवान्याच्या अटींचे टिपण आम्ही त्या दिवशी लेखी सादर करू.

आपले,
नागपुरातील पूल व स्नूकरचे खेळाडू, प्रशिक्षक आणि टेबल-कारागीर