मंग्या, तुझी चिठ्ठी सापडली

विक्रोळी, रविवार रात्र

प्रिय मंग्या,

काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं हे मला नित्याकडून कळावं, याबद्दल काय घालायच्या त्या शिव्या घाल. माझी शुगर होती तिथेच आहे.

आबांच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क टिक-टिक करायला लागली. तोच डबा, २००५ साली लॅमिंग्टन रोडवर दिवसभर फिरून आपण जमवलेला. फेकून दे म्हणू नकोस. सोसायटीच्या मेंटेनन्सचं सॉफ्टवेअर जुन्या विंडोज एक्सपीवर, पावत्या डॉट मॅट्रिक्सवर. नवा लॅपटॉप दाखवला तर आबा म्हणाले, "आमच्या प्रिंटरची वायर खुपसायला भोक कुठाय याला?" सगळा हिशेब त्या ८० जीबीत, आणि बॅकअप शून्य. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही.

डिस्क काढून ऑफिसच्या मशीनवर रात्रभर कॉपी केली. झाली बाबा एकदाची. २४० जीबीची एसएसडी (ती बिनचकतीची नवी डिस्क) आणली, मदरबोर्डावर डिस्कची केबल लावायच्या साटा पोर्टला लावली. बायोसला, म्हणजे कॉम्प्युटर चालू होताना डिस्क शोधणाऱ्या प्रोग्रॅमला, दिसेचना! दुकानदाराशी भांडलो. त्याने ती स्वतःच्या मशीनला लावली, चटकन दिसली. गिऱ्हाइकांसमोर माझी शोभा.

मग डोकं चाललं. आपला बोर्ड साटाच्या पहिल्या पिढीतला, त्याला दीड गिगाबिटच माहीत. नवी डिस्क वेग खाली आणायला तयार असते, पण त्या काळच्या काही चिपसेटना ती बोलणी जमतच नाहीत. जुन्या तीन गिगाबिटच्या डिस्कवर वेग बांधून टाकायला जंपर, म्हणजे दोन पिना जोडणारी इवलीशी टोपी, असायचा, एसएसडीवर कसला जंपर! आता आठव, 'सातशे रुपये वाचतात, हाच बोर्ड घे' असं कोण म्हणालं होतं? मी तेव्हाही नको म्हणत होतो. तू ऐकलं नाहीस, वर त्या सातशेची बिर्याणी खाल्लीस.

शेवटी साटा डिस्क जुन्या, रुंद आयडीई केबलवर चालवणारा कन्व्हर्टर आणला. तोही चालेना. डीव्हीडी ड्राइव्ह त्याच केबलवर, कारण दुसऱ्या आयडीईची पिन तू वाकवलीस (मी नाही, मरेपर्यंत सांगेन). एका केबलवर एक मास्टर, एक स्लेव्ह असा नेम. इथे ड्राइव्ह स्लेव्ह, आणि कन्व्हर्टरही बिनजंपरचा स्लेव्ह. दोघांत भांडण, दिसतं कोणीच नाही. पाकिटात जंपरची टोपी नव्हती. जुन्या डिस्कची चिमट्याने काढायला गेलो, तर टुणकन उडून कपाटाखाली गेली. रात्री साडेअकराला मी टॉर्च घेऊन पालथा, आबा खुर्चीतून सूचना देतायत.

कॅबिनेटच्या आत, पॉवर सप्लायच्या बाजूच्या पत्र्यावर, पिवळी पडलेली सेलोटेप दिसली. तिच्याखाली एक काळी टोपी आणि तुझं कोंबडीचे पाय अक्षर: 'जास्तीची. फेकू नकोस गाढवा.'

मी तिथेच फरशीवर बसून हसलो. आबांना वाटलं, शॉक बसला. टोपी कन्व्हर्टरच्या मास्टरवर बसवली, एक्सपी पहिल्याच दणक्यात वर आलं. निळा पडदा नाही, काही नाही. ही गंमत घरात कोणाला सांगू? बायको म्हणाली, "लागला ना? मग झोपा." बोर्डाच्या बाबतीत तू गाढवच, पण टोपीच्या बाबतीत पाय धरले.

आज सकाळी आबांनी थकबाकीची यादी छापली. कोरी! "सगळ्यांनी भरले की काय?" आबा खुशीत. मी तारीख बघितली, १ जानेवारी २००४. बोर्डावरचा, घड्याळ चालू ठेवणारा सेल मेलाय, प्लग काढला की कॉम्प्युटर तुझी-माझी नोकरी लागायच्या आधीच्या काळात जातो, आणि तिथे कोणाकडेच काही थकलेलं नाही. तळमजल्यावरच्या वकिलाच्या हाती तो कागद लागायच्या आत फाडला. उद्या नाक्यावरून सीआर२०३२ आणतो.

काकू चालायला लागल्या का? तुझ्या लेकीच्या बारावीचं काय झालं? बुधवारी फोन करतो. नक्की.

तुझा,
सुध्या

ता. क. सातशे रुपये व्याजासकट हवेत.