हरकतींचा आकडा नको, मजकूर छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एखाद्या विधेयकावर हरकती-सूचना मागवल्या की बातमी येते ती आकड्याची. इतके हजार विरोधात, इतके बाजूने. लोकांनी लिहिले काय, हे कुठेच वाचायला मिळत नाही. म्हणून विधवांच्या पुनर्विवाहाच्या कायद्यावेळचे अर्ज आठवतात.

ऑक्टोबर 1855 मध्ये ईश्वरचंद्र विद्यासागरांनी कलकत्त्याच्या विधिमंडळाकडे अर्ज केला, त्यावर सह्या 987. राजा राधाकांत देब यांच्या विरोधी अर्जावर 36 हजारांहून जास्त! नुसती डोकी मोजली असती तर विषय तिथेच संपला असता. पण विद्यासागरांचे मागणे नेमके होते. विधवेला पुनर्विवाह करू न देण्याची रूढी क्रूर आहे, तिला शास्त्राचा आधार नाही, असे सांगून ते थांबले नाहीत. कोर्टात विधवेचा विवाह बेकायदा आणि त्यातली मुले अनौरस ठरतात, एवढी अडचण दूर करा. ज्यांना पुनर्विवाह नको त्यांच्यावर यात कसलीच सक्ती नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. माझ्या मते या शेवटच्या मुद्द्याला विरोधकांकडे उत्तरच नव्हते. 26 जुलै 1856 रोजी कायदा झाला.

समाज लगेच बदलला नाही, हे खरे. 1893 मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी लग्न केले, तेव्हा त्यांच्या मुरुड गावच्या लोकांनी त्यांना वाळीत टाकलेच.

कायद्यातही एक मोठी खोट राहिली. दुसऱ्या कलमाने पुनर्विवाह करणाऱ्या बाईचा मृत नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क काढून घेतला. पुढे, ज्या जातींत पाट लावायची, म्हणजे विधवेचे दुसरे लग्न करायची, रीत पूर्वापार होती, तिथल्या बायकांनाही मुंबई हायकोर्टाने हेच कलम लावले. वाद पेटला होता तो उच्चवर्णीयांच्या घरातल्या विधवांवरून. पाटाच्या बायकांचे काय होईल, हे त्यांना कोणी विचारले होते? अर्ज नीट वाचले की कोण बोलले हे कळते, तसे कोणाला बोलायलाच मिळाले नाही हेही कळते.

आपल्या विधिमंडळाने प्रत्येक विधेयकावरील हरकतींचा गोषवारा, कोणती सूचना का स्वीकारली आणि कोणती का नाकारली या कारणांसह, मराठीत संकेतस्थळावर ठेवावा. आणि आपल्या दैनिकाने आकड्याच्या बातमीशेजारी दोन्ही बाजूंच्या दोन-दोन हरकती जशाच्या तशा छापाव्यात, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, सातारा